सरकारी वकील झालात, आता सनदेचं काय करायचं?

सरकारी नोकरीची ऑर्डर हातात पडली की वकील मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, सनद म्हणजे वकिलीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, ते जमा करायचं की ठेवायचं. एक जण म्हणतो सरकारी वकिलाला सूट आहे, काही करू नको. दुसरा म्हणतो छे, पगार सुरू झाला की सनद सस्पेंड. तिसरा म्हणतो माझ्या ओळखीचे एक साहेब इतकी वर्षं विधी अधिकारी आहेत, त्यांनी काहीच केलं नाही आणि त्यांचं काही बिघडलं पण नाही. तिघंही थोडे थोडे बरोबर असतात, म्हणून तर घोळ होतो.

हे सगळं महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, रोलवर (वकिलांच्या यादीत) असलेल्यांसाठी लिहितोय, पण मूळ कायदा म्हणजे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट, तो देशभर एकच, त्यामुळे बाहेरच्यांनाही बरंचसं लागू पडेल. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला दरवर्षी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट नव्याने घ्यावं लागतं, आपल्याकडे तसं नाही, एकदा रोलवर नाव आलं की ते तिथे असतं. म्हणून आपल्याकडचा प्रश्न रिन्यूअलचा कमी आणि नोकरी लागल्यावर वकिली थांबते की नाही याचा जास्त आहे.

आधी सनद आणि परीक्षेचं पटकन उरकू

कलम ३३ सांगतं की ॲक्टखाली ॲडव्होकेट म्हणून नोंद असल्याशिवाय कोर्टात वकिली करता येत नाही, आणि कलम ४५ प्रमाणे तसा हक्क नसताना वकिली केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद. सरकारच्या बाजूने उभे राहताय म्हणून हे कलम तुम्हाला लागू नाही असं काही नाही. एपीपी म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता असो, एजीपी म्हणजे सहायक सरकारी वकील असो, नाहीतर थेट महाधिवक्ता, कोर्टात युक्तिवाद करायचा तर सनद पाहिजे.

एनरोलमेंटची, म्हणजे रोलवर नाव लावायची, फी कलम २४ मध्ये ठरलेली आहे, राज्य बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, म्हणजे एकूण ७५०, आणि एससी एसटी उमेदवारांना १०० अधिक २५. सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला गौरव कुमारच्या केसमध्ये स्पष्ट केलंय की कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त फी एनरोलमेंटसाठी घेता येणार नाही. त्याआधी वेगवेगळ्या नावाखाली जे हजारो रुपये जायचे ते ज्यांनी भरलेत त्यांना माहीतच आहे.

मग ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची वकिलीसाठीची परीक्षा. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे जे लॉ पास झाले त्यांना ती द्यावी लागते, त्याआधीच्यांना नाही. पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. सूट ही एवढीच, पासिंगच्या वर्षावरून. सरकारी पद मिळालं म्हणून परीक्षा माफ असं नियमात कुठेही नाही, त्यामुळे कोणी ऑफिसमधले सिनियर सांगत असतील की अरे तू सरकारी, तुला कशाला ती परीक्षा, तर त्यांचं पासिंग बहुतेक २००९ च्या आधीचं असणार. २०२३ मध्ये बोनी फोई लॉ कॉलेजच्या केसमध्ये घटनापीठाने बार कौन्सिलला ही परीक्षा घ्यायचा अधिकार आहे असं सांगून तो वाद मिटवला.

आता खरा मुद्दा, नियम ४९

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमध्ये वकिलाने दुसरी कुठली कामं करायची नाहीत यावर एक सगळा भागच आहे, त्यातला नियम ४९ आपल्या कामाचा. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की वकिली चालू आहे तोपर्यंत वकिलाने कोणाही व्यक्तीचा, सरकारचा, फर्मचा, कंपनीचा पूर्णवेळ पगारी नोकर व्हायचं नाही, आणि झालाच तर आपल्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवायची. यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे नीट बघा, कळवायचं पण आहे आणि थांबायचं पण आहे. बरेच लोक थांबतात पण कळवत नाहीत, कोर्टात जात नाही ना, मग काय फरक पडतो असं म्हणून. फरक नंतर पडतो, त्यावर पुढे येतो.

या नियमाला पूर्वी खाली एक सवलत जोडलेली होती. केंद्र सरकार, राज्य सरकार, सार्वजनिक महामंडळ किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था यांचा लॉ ऑफिसर, ज्याच्या नेमणुकीच्या अटींमध्येच कोर्टात काम चालवणं किंवा युक्तिवाद करणं लिहिलंय, त्याला पूर्णवेळ पगारी असूनही हा नियम लागू नाही, असं तिथे होतं. लोक जी सरकारी वकिलाला सूट म्हणतात ती हीच.

पण ही सवलत बार कौन्सिल ऑफ इंडियाने २२ जून २००१ च्या ठरावाने काढून टाकली. जुन्या पुस्तकांमध्ये, झेरॉक्स नोट्समध्ये आणि नेटवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये अजूनही नियम ४९ सवलतीसकट छापलेला दिसतो आणि लोक छातीठोकपणे तोच दाखवतात, म्हणून हे जरा ठळकपणे सांगतोय. तुमच्याकडची प्रत कधीची आहे ते आधी बघा.

मग २००१ नंतर सगळ्या एपीपींची वकिली संपली का, तर नाही. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक या केसमध्ये आला, निकाल २१ जानेवारी २०१३ चा. हरियाणात जिल्हा न्यायाधीशांच्या भरतीत काही उमेदवार सरकारी अभियोक्ते होते, त्यांची निवड हायकोर्टाने रद्द केली होती, म्हणणं असं की हे पूर्णवेळ सरकारी नोकर, यांना ॲडव्होकेट म्हणायचं कसं. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. कोर्टाने कसोटी दिली ती अशी की माणसाला कशासाठी ठेवलंय ते बघा. कोर्टात वकील म्हणून मालकाच्या बाजूने काम चालवायला आणि युक्तिवाद करायला ठेवलं असेल तर तो पगार घेत असला तरी ॲडव्होकेटच राहतो, नियम ४९ मधली नोकरी ही ती नव्हे. आणि ज्याचं काम कोर्टात उभं राहणं नाहीच, दुसरंच काही आहे, तो त्या नोकरीपुरता ॲडव्होकेट राहत नाही.

याची दुसरी बाजू सतीश कुमार शर्माच्या केसमध्ये दिसते, २००१ ची. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातले अधिकारी, पदाच्या नावातच लॉ ऑफिसर होतं, एनरोलमेंट पण झाली होती, नंतर बार कौन्सिलने ती काढून घेतली आणि सुप्रीम कोर्टाने बार कौन्सिलचंच बरोबर ठरवलं, कारण नेमणुकीच्या अटी बघितल्या तर ते मंडळाचे पूर्णवेळ पगारी अधिकारी होते आणि कोर्टात बाजू मांडणं हे काही त्यांचं मुख्य काम नव्हतं. म्हणजे दोन्ही निकाल एकत्र ठेवले तर पाटीवर लॉ ऑफिसर लिहिलंय की अभियोक्ता याला काडीची किंमत नाही, नेमणुकीच्या कागदात काम काय लिहिलंय त्यालाच आहे.

आपल्या महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचा एनरोलमेंटचा नियमही कडक म्हणून प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या एका डॉक्टरांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद पाहिजे होती, डॉ. हनिराज चुलानी, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून सांगितलं आणि आपला नियम वैध ठरवला. त्या नियमात नोकरी, धंदा, दुसरा व्यवसाय असणाऱ्याला सनद नाही, पण अटींप्रमाणे कोर्टात काम चालवावं लागणाऱ्या सरकारी लॉ ऑफिसरला अपवाद, असं त्या निकालात उतरवलेलं आहे. इथेही शब्द तेच, अटींप्रमाणे.

ऑर्डर समोर घ्या आणि पेन घेऊन बसा

नेमणुकीचा आदेश, सोबतची सेवाशर्तींची जोडणी आणि भरतीची मूळ जाहिरात, हे तीन कागद पुढ्यात घ्या. तुमच्या पदाचे सेवाप्रवेश नियम राजपत्रात आले असतील तर तेही डाउनलोड करा, कारण ऑर्डरमध्ये बऱ्याचदा दोनच ओळी असतात आणि कर्तव्यं सगळी नियमांमध्ये लिहिलेली असतात.

आता कर्तव्यांचा परिच्छेद वाचा. तिथे समजा असं असेल की सदर अधिकारी न्यायालयात शासनाची बाजू मांडतील, साक्षीदार तपासतील, युक्तिवाद करतील, तर त्याखाली रेघ मारा, तुमची बाजू मजबूत आहे. त्याऐवजी जर न्यायालयीन प्रकरणांचा पाठपुरावा करणे, पॅनेलवरील वकिलांशी समन्वय ठेवणे, पॅरावाईज रिमार्क्स (दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्याचं म्हणणं) तयार करून घेणे, शपथपत्राचे मसुदे तपासणे, करारनाम्यांवर अभिप्राय देणे अशी भाषा असेल तर हे सगळं कायद्याचंच काम असलं तरी कोर्टात उभं राहण्याचं नाही. दिवसभर कोर्टाच्या आवारात असता, फाइल घेऊन सरकारी वकिलांच्या मागे उभे असता, त्याने ॲडव्होकेटगिरी चालू राहत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस, पोलीस खातं इथले कंत्राटी विधी अधिकारी बहुतेक या दुसऱ्या गटात जातात, आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्यांचाच असतो, कारण ११ महिन्यांची ऑर्डर असते, पगाराला मानधन म्हणतात, मग लोकांना वाटतं आपण नोकर नाहीच. मानधन म्हटलं म्हणून सुटका होत नाही, रोज हजेरी, ठरलेली वेळ, महिन्याची ठरलेली रक्कम, वरिष्ठांचा ताबा, हे सगळं असेल तर ती पूर्णवेळ पगारी नोकरीच दिसते.

एक ओळ प्रत्येक ऑर्डरमध्ये असतेच, वरिष्ठ वेळोवेळी सोपवतील ती इतर कामे. एकट्या या ओळीला घाबरायचं कारण नाही, पण तिच्यामुळे तुमची बदली उद्या आस्थापना शाखेत होऊ शकते का ते बघा, कारण कामच बदललं तर उत्तरही बदलतं. आणि खासगी वकिली व्यवसाय करता येणार नाही ही ओळ वाचून सनद सस्पेंड करावी लागेल असा अर्थ लगेच काढू नका, खासगी केस घ्यायला बंदी आणि ॲडव्होकेट न राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एपीपीला खासगी केस घेता येत नाही पण तो रोज कोर्टात वकील म्हणूनच उभा असतो.

संमिश्र ऑर्डर असली, थोडं कोर्ट थोडं ऑफिस, तर स्वतः अंदाज बांधत बसू नका. ऑर्डरची प्रत जोडून बार कौन्सिलला लेखी विचारा की या नेमणुकीला नियम ४९ लागू होतो का, आणि पोचपावती घ्या. उत्तर यायला वेळ लागेल, पण तुम्ही लपवलं नाहीत याचा पुरावा त्याच दिवशी तयार होतो, आणि पुढे कधी कोणी तक्रार केली तर त्या कागदाला फार किंमत असते.

कोण कुठे बसतं

जिल्हा सरकारी वकील, अतिरिक्त आणि सहायक सरकारी वकील, हायकोर्टातले जीपी (सरकारी वकील) आणि एजीपी, हे १९८४ च्या महाराष्ट्र लॉ ऑफिसर्स नियमांखाली मुदतीवर नेमले जातात, फी किंवा रिटेनर (ठरावीक मानधन) घेतात, ते सरकारी नोकर नसतात, त्यांच्या सनदेला हात लागत नाही. सरकारविरुद्ध केस घ्यायची नाही वगैरे बंधनं आहेत पण तो वेगळा विषय. केंद्राचे स्टँडिंग कौन्सेल, पॅनेलवरचे वकील यांचंही तेच.

एमपीएससीतून येणारे, अभियोग संचालनालयातले सहायक सरकारी अभियोक्ते पूर्णवेळ, वेतनश्रेणीवाले, पण कोर्टात केस चालवणं हेच त्यांचं काम, म्हणजे दीपक अग्रवालच्या निकालात चपखल बसणारे.

मंत्रालयात विधी व न्याय विभागातली टेबलवरची पदं, मसुदा लिहिणारे, सल्ला देणारे, यांची वकिली थांबते. न्यायाधीश झालेल्यांची तर थांबतेच, त्यात वादच नाही. बँकांचं मजेशीर आहे, आयबीपीएस म्हणजे सरकारी बँकांची भरती करणारी संस्था, तिच्या लॉ ऑफिसरच्या जाहिरातीत बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट म्हणून नोंद असणं ही पात्रता मागतात, म्हणजे सनद असल्याशिवाय अर्ज नाही, आणि रुजू झालं की काम बहुतेक कर्जाची कागदपत्रं आणि रिकव्हरीच्या फाइल्सचं, मग तीच सनद सस्पेंड करायला लावायची वेळ येते.

लीगल एड डिफेन्स कौन्सेल, म्हणजे आरोपींना मोफत कायदेशीर मदत देणारे वकील, म्हणून २०२२ पासून जे वकील घेतले जातायत ते आरोपींच्या बाजूने कोर्टात उभे राहायलाच घेतलेले आहेत, त्यामुळे कसोटी लावली तर तेही ॲडव्होकेटच, फक्त खासगी केस घेता येत नाहीत. आणि लॉ कॉलेजला शिकवणाऱ्यांसाठी १९७९ चे वेगळे नियम आहेत, दिवसाला ३ तासांपर्यंत शिकवलं तर वकिली चालू ठेवता येते, पूर्णवेळ प्राध्यापक झालात की नाही.

सस्पेंड करायची असेल तर

रुजू व्हायच्या आधीच हातातल्या केसेस मोकळ्या करा. नियम असा की वकिलाने पुरेसं कारण आणि वाजवी नोटीस दिल्याशिवाय केस सोडायची नाही आणि न केलेल्या कामाची फी परत करायची. नोकरी लागली हे कारण पुरेसं आहे पण पक्षकाराला आधी सांगा, नवीन वकिलाला एनओसी द्या, कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) टाका, फाइल परत दिल्याची सही घ्या. हे न करता लोक ज्युनियरवर सोडून जातात आणि मग दोन वर्षांनी रोजनाम्यावर (कोर्टाच्या तारखेनुसार कामकाजाच्या नोंदीत) अजून त्यांचंच नाव चालू असतं, नोकरीत असताना कोर्टाच्या रेकॉर्डला वकील म्हणून नाव, याच्याइतकं तक्रार करणाऱ्याच्या हातात सोपं काही नसतं.

मग बार कौन्सिलला कळवायचं. नियमाप्रमाणे रजिस्टर पोस्टाने, आणि सोबत मूळ सनद जोडून. मूळ म्हणजे मूळ, झेरॉक्स नाही, म्हणून पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचं स्कॅन आणि चार अटेस्टेड प्रती काढून ठेवा. पत्र लांबलचक नको, असं काहीतरी चालतं:

प्रति, सचिव, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई.
विषय: पूर्णवेळ नोकरी स्वीकारल्यामुळे वकिली स्थगित करण्याबाबत.
महोदय, माझी सनद क्रमांक अमुक, दिनांक अमुक. मी दिनांक अमुक रोजी अमुक कार्यालयात अमुक पदावर पूर्णवेळ वेतनावर रुजू झालो आहे. नियम ४९ प्रमाणे ही माहिती कळवत असून रुजू झाल्याच्या तारखेपासून माझी वकिली स्थगित समजावी ही विनंती. सोबत मूळ सनद, नेमणूक आदेश आणि रुजू अहवालाची प्रत जोडली आहे. नोंद घेऊन तसे पत्र मिळावे.

शेवटचं वाक्य विसरू नका. ते पत्र परत आलं की तोच तुमचा पुरावा. कौन्सिलचा स्वतःचा छापील फॉर्म, ॲफिडेव्हिट आणि फी पण असते, ती त्या त्या वेळी बदलते, म्हणून ऑफिसला विचारून किंवा वेबसाइटवर बघूनच भरा, मित्राने मागच्या वर्षी भरलेली रक्कम धरून डीडी काढू नका.

आणि तालुक्याच्या बार असोसिएशनला पत्र दिलं म्हणजे झालं असं समजणारे बरेच भेटतात. असोसिएशन ही तुमची स्थानिक संघटना, सनदेशी तिचा संबंध नाही. तिथेही कळवा, मेंबरशिपचं काय ते ठरवा, पण कायद्याने कळवायचं ते राज्य बार कौन्सिललाच. जाता जाता गाडीवरचा वकिलाचा स्टिकर पण काढा, नोकरीत असताना तो मिरवणं बरं दिसत नाही.

कळवलंच नाही तर काय होतं? रोज कोणी तपासायला येत नाही हे खरं, म्हणूनच ते तिसऱ्या माणसाच्या ओळखीचे साहेब निवांत आहेत. पण एनरोल होतानाच नोकरी लपवली असेल तर महत्त्वाच्या गोष्टीची खोटी माहिती देऊन नाव लावलं म्हणून कलम २६ खाली नाव रोलवरून काढता येतं, आणि नोकरी लपवून कोर्टात उभं राहिलात तर कलम ३५ खाली शिस्तभंगाची कारवाई. शिवाय खात्याकडून सेवानियमांची चौकशी लागते ती वेगळीच.

परत चालू करायची असेल तर

राजीनामा दिला, करार संपला, रिटायर झालात, तर बार कौन्सिलच्या सचिवांकडे अर्ज करायचा, सोबत ॲफिडेव्हिट की मधल्या काळात कलम २४ए मधली कुठलीही अपात्रता ओढवलेली नाही. कलम २४ए म्हणजे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, किंवा तशा आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फी, अशा गोष्टी. अर्ज एनरोलमेंट कमिटीपुढे जातो, कमिटीने मान्य केलं की सनदेवर शेरा मारून ती परत मिळते. कार्यमुक्तीचा आदेश जोडा, कारण कमिटी सगळ्यात आधी तेच विचारते की नोकरी खरंच संपली का. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत वकीलपत्रावर सही करू नका, अर्ज केला म्हणजे सनद चालू झाली असं होत नाही.

कायद्याशी काही संबंध नसलेल्या नोकरीत ५ वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर बोनी फोईच्या निकालाचा हा भाग वाचून ठेवा, तिथे अशा माणसाने परत येताना बार एक्झाम पुन्हा द्यावी असं म्हटलंय. विधी अधिकारी म्हणून काम केलेल्यांनी आपलं काम कायद्याशी निगडित होतं हे दाखवणारी कागदपत्रं म्हणूनच जपावीत.

सूट आहे, पण दुसऱ्याच गोष्टीतून

सरकारी वकिलाला सूट हे वाक्य ज्यातून आलंय त्यातला एक भाग वकीलपत्राचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३८ प्रमाणे, जुनं सीआरपीसी ३०१, केसचा चार्ज असलेला सरकारी अभियोक्ता लेखी अधिकारपत्राशिवाय हजर राहून युक्तिवाद करू शकतो. म्हणजे वकीलपत्र लागत नाही. सनद लागत नाही असं ते कलम म्हणत नाही, लोक दोन्हीची खिचडी करतात.

मग सनद नसलेला सरकारी माणूस कुठे कुठे चालतो? दिवाणी दाव्यात सरकारतर्फे अधिकृत केलेला अधिकारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७ प्रमाणे मान्यताप्राप्त एजंट धरला जातो, तो कैफियतीवर सही करतो, अर्ज देतो, पण युक्तिवाद म्हणजे प्लीडिंग हे वकिलाचंच काम. मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, तशा न्यायाधिकरणात १९८५ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सरकार आपल्या अधिकाऱ्याला प्रेझेंटिंग ऑफिसर म्हणून नेमू शकतं, तिथे सनदेची अट नाही. खातेनिहाय चौकशीतला सादरकर्ता अधिकारी तर आपल्या ऑफिसमधला कोणीही असतो. एखाद्या विशिष्ट केसपुरती कोर्टाने ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ खाली वकील नसलेल्याला परवानगी देणं हाही रस्ता आहे, पण ती कोर्टाची मर्जी, हक्क नव्हे.

आणि एक गंमतीचं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९ मध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टात एपीपी उपलब्धच नसेल तर जिल्हा दंडाधिकारी राज्य सरकारला १४ दिवसांची नोटीस देऊन दुसऱ्या कोणालाही त्या केसपुरतं एपीपी नेमू शकतात, अगदी पोलीस अधिकाऱ्यालाही, फक्त तो इन्स्पेक्टरच्या खालचा नको आणि त्या तपासात त्याचा हात नको.

अनुभवाची वर्षं कशी धरतात

सनद सस्पेंड असलेला काळ वकिलीचा अनुभव म्हणून धरला जात नाही, आणि कळवलं नाही म्हणून तो आपोआप धरला जातो असंही नाही, उलट तिथेच माणूस अडकतो. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला वकील म्हणून अर्ज करायचा तर घटनेच्या कलम २३३ प्रमाणे ७ वर्षं ॲडव्होकेट असणं लागतं, दीपक अग्रवालमध्ये कोर्टाने ही वर्षं अर्जाच्या आधीची सलग पाहिजेत असंही म्हटलंय, म्हणजे मध्ये दोन वर्षं मंत्रालयात टेबलवर काढली असतील तर हिशोब तिथे तुटतो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी २० मे २०२५ च्या निकालाने ३ वर्षं वकिलीची अट परत आणलीय, तीही प्रोव्हिजनल एनरोलमेंटच्या, म्हणजे बार एक्झामच्या आधी होणाऱ्या तात्पुरत्या नोंदीच्या, तारखेपासून मोजायची, परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही.

एपीपींसाठी एक चांगली तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये पब्लिक प्रॉसिक्युटर व्हायला ७ वर्षं आणि स्पेशल पब्लिक प्रॉसिक्युटर व्हायला १० वर्षं वकिली लागते, आणि अभियोक्ता म्हणून केलेली सेवा वकिली म्हणूनच धरायची असं त्याच कलमात आहे. पण ते त्या दोन नेमणुकांपुरतं आहे. नोटरीचा अर्ज करताना किंवा दुसऱ्या भरतीत तेच कलम पुढे केलं तर समोरचा म्हणणार हे इथे लागू नाही, तिथे तुम्हाला दीपक अग्रवालची कसोटी दाखवून आणि खरंच कोर्टात उभे होतात हे सिद्ध करूनच जावं लागेल. त्यासाठी ऑर्डर, कर्तव्यांची यादी आणि दरवर्षीच्या चार-पाच निकालांच्या सर्टिफाइड प्रती, ज्यात सरकारतर्फे म्हणून तुमचं नाव छापलेलं आहे, एका फाइलला लावत जा. बदली झाली की जुन्या कोर्टातून प्रती काढणं किती कटकटीचं असतं ते सांगायला नको, म्हणून कार्यमुक्त व्हायच्या आधीच अर्ज टाका.